'कॅच अ फायर'च्या दोन प्रती: किंग्स्टनची टेप आणि लंडनची रेकॉर्ड

लोकप्रिय संगीताच्या इतिहासात कागदपत्रं फार कमी सापडतात, त्यामुळे रेकॉर्ड हेच आपलं दस्तऐवज असतं, हे आपण या मालिकेत वारंवार पाहिलं आहे. पण दस्तऐवज म्हटलं की त्याची कोणती प्रत आपल्या हातात आहे, हे आधी तपासावं लागतं. ज्ञानेश्वरीचा अभ्यास करणारा माणूस पाठभेद पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. रेकॉर्डच्या बाबतीत मात्र आपण सहसा बाजारात मिळेल ती प्रत उचलतो आणि तीच मूळ समजतो.

आज आपण एकच रेकॉर्ड घेणार आहोत: बॉब मार्ली आणि त्याच्या साथीदारांचा 'कॅच अ फायर'. आयलंड रेकॉर्ड्सने तो एप्रिल १९७३ मध्ये लंडनहून काढला. आज दुकानात किंवा फोनवर तुम्ही तो शोधला तर गायकाच्या जागी 'बॉब मार्ली अँड द वेलर्स' असं लिहिलेलं दिसेल. पहिल्या छपाईवर नुसतं 'द वेलर्स' होतं. हा फरक कारकुनी नाही. आवृत्ती बदलते तेव्हा आवाज बदलतो, क्रम बदलतो, नाव बदलतं, आणि पैसे कोणाकडे जातात तेही बदलू शकतं. आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे: दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की कोणती चांगली हा प्रश्न लवकर मागे पडतो आणि हे कोणी ठरवलं, हा प्रश्न पुढे येतो.

आधी जमैकाकडे जाऊ. तिथे साठच्या दशकात संगीत ऐकण्याची मुख्य जागा म्हणजे साउंड सिस्टिम. मोठाले स्पीकर, एक ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड लावणारा माणूस, आणि मोकळ्या अंगणात जमलेली गर्दी. प्रत्येक सिस्टिमवाल्याला दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड हवी असे. त्यासाठी एकुलती एक प्रत कापून घेत. १९६७-६८ च्या सुमारास ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आइल स्टुडिओत अशीच एक प्रत कापताना पॅरागॉन्सच्या गाण्यातला गाता आवाज राहून गेला, आणि नाचणाऱ्यांना ते नुसतं वाद्यांचं गाणं भलतंच आवडलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचा गायकाविना पाठ छापायची पद्धतच पडली. त्याला तिथे 'व्हर्जन' म्हणतात. त्याच पाठावर दुसरा कोणी गाई, तिसरा कोणी बोले, किंग टबी त्यातून डब काढी.

म्हणजे बघा, ज्या संगीतात 'व्हर्जन' हा रोजच्या धंद्यातला शब्द आहे, तिथे एकच पवित्र 'मूळ' शोधायला जाणं मुळात अडचणीचं आहे. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ, म्हणजे आपण उगाच शुद्धतेच्या मागे लागणार नाही.

वेलर्स हा त्रिकुटाचा गट: बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंग्स्टन, जो पुढे बनी वेलर म्हणून ओळखला गेला. १९६४ मध्ये कॉक्सन डॉड यांच्यासाठी गायलेलं 'सिमर डाउन' गाजलं. त्यानंतरची आठ वर्षं म्हणजे गाजलेली गाणी आणि रिकामे खिसे. डॉड झाले, स्वतःचा छोटा लेबल काढून झाला, लेस्ली काँग झाले, ली पेरी झाले. पेरीकडे काम करताना त्यांना ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेट आणि कार्लटन बॅरेट हे भाऊ मिळाले, एक बेसवर आणि एक ड्रमवर. तिघे गाणारे आणि हे दोघे वाजवणारे मिळून वेलर्सचा खरा आवाज तयार झाला.

'कॅच अ फायर'मधली नऊपैकी निदान चार गाणी त्या आधी कुठल्या ना कुठल्या रूपात निघाली होती. 'स्टर इट अप' १९६७ मध्ये रॉकस्टेडीच्या संथ चालीत आलं. टॉशचं 'फोर हंड्रेड इयर्स' पेरीने काढलेल्या १९७० च्या 'सोल रेबेल्स'वर आहे. त्याचंच 'स्टॉप दॅट ट्रेन' काँगच्या १९७१ च्या अल्बमवर. 'काँक्रीट जंगल' १९७१ मध्ये सुटं निघालं होतं. तेव्हा १९७३ चा अल्बम स्वतःच बऱ्याच अंशी पुनरावृत्ती आहे, म्हणजे वेलर्सनी आपलीच गाणी पुन्हा गाऊन पाहिली आहेत.

१९७२ मध्ये जॉनी नॅशबरोबर आलेले वेलर्स लंडनमध्ये पैशांवाचून अडकले होते. तेव्हा मार्लीने आयलंडच्या ख्रिस ब्लॅकवेलला गाठलं. ब्लॅकवेल जमैकात वाढलेला गोरा, साठच्या दशकात जमैकन गाणी इंग्लंडमध्ये विकून त्याने कंपनी उभी केली होती, आणि १९७२ पर्यंत त्याचं दुकान मुख्यतः रॉकवर चालत होतं. त्याने अल्बमसाठी सुमारे ४,००० पौंड उचल दिली. हे पैसे बुडाले म्हणून समज, असं त्याला अनेकांनी सांगितलं होतं. वेलर्सनी किंग्स्टनला परत जाऊन डायनॅमिक, हॅरी जे आणि रँडीज या स्टुडिओंत काम करून टेप तयार केल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जमैकात तोवर रेगेचा धंदा मुख्यतः सुट्या गाण्यांचा होता. अल्बम म्हणजे गाजलेल्या सुट्या गाण्यांची गाठोडी. एका बैठकीत, एका विचाराने बांधलेला अल्बम ही रॉकच्या बाजारातली कल्पना होती. ब्लॅकवेलने पैसे दिले ते त्या कल्पनेसाठी.

हिवाळ्यात मार्ली टेप घेऊन लंडनला आला आणि बेसिंग स्ट्रीटवरच्या आयलंडच्या स्टुडिओत त्यांवर आणखी वाद्यं चढवली गेली. अलाबामाचा गिटारवादक वेन पर्किन्स आणि टेक्ससचा कीबोर्डवादक जॉन 'रॅबिट' बंड्रिक हे दोघे बोलावले गेले. पर्किन्सला हे संगीत नवं होतं. पर्किन्सने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की 'काँक्रीट जंगल' पहिल्यांदा ऐकताना त्याला ठेक्याची सुरुवातच सापडेना. आपल्या भाषेत सांगायचं तर सम सापडेना. साहजिकच आहे. कार्लटन बॅरेट ज्या पद्धतीने वाजवतो तिच्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि जोराचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो. रॉकवाला पहिल्या मात्रेवर पाय ठेवायला जातो तर तिथे पायरीच नसते.

आता आपण दोन्ही पाठ ऐकू. आधी किंग्स्टनचा, जो २००१ पर्यंत अधिकृतपणे निघालाच नव्हता, मग १९७३ चा.

(इथे 'काँक्रीट जंगल'चे दोन्ही पाठ ऐकवण्यात आले.)

व्याख्यानाच्या तयारीत आम्ही हे दोन पाठ अनेकदा लागोपाठ ऐकले. काय फरक जाणवतो? किंग्स्टनच्या पाठात जागा आहे. बेस पुढे आहे, गाणारे तिघे जवळ उभे असल्यासारखे आहेत, आणि गाण्याच्या मध्यावर कोणी एकटा वादक पुढे येत नाही. लंडनच्या पाठात पर्किन्सची गिटार येते. ती आधी गाण्याच्या कडेने फिरते, मग मध्यावर मोकळी सुटते आणि एक सूर लांबच लांब धरून ठेवते. रॉक ऐकणाऱ्याला ती ओळखीची खूण होती. 'स्टर इट अप'मध्येही तेच. तिथे गिटार आणि सिंथेसायझर मिळून गाण्यावर एक गुळगुळीत, चकचकीत थर चढवतात. खाली बॅरेट बंधूंचा ठेका मात्र तोच आहे. तो काढला असता तर गाणंच उरलं नसतं.

यावरून एक ठरलेला निवाडा दिला जातो: गोऱ्या गिऱ्हाइकासाठी ब्लॅकवेलने वेलर्सना पाणी घालून पातळ केलं. यात तथ्य आहे. वेलर्सना रॉक बँडसारखं विकायचं होतं, हे ब्लॅकवेलने कधी लपवलं नाही. इंग्लंडमधली रॉक वर्तमानपत्रं आणि अल्बम विकत घेणारे कॉलेजातले विद्यार्थी हे त्याचं लक्ष्य होतं.

पण गाण्यांचा क्रम पाहिला की हा निवाडा डळमळतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जमैकन पाठात अकरा गाणी आहेत. तिथे 'काँक्रीट जंगल'नंतर 'स्टर इट अप' आणि मग 'हाय टाइड ऑर लो टाइड' येतं. 'स्लेव्ह ड्रायव्हर' थेट नवव्या क्रमांकावर आहे. १९७३ च्या रेकॉर्डवर 'हाय टाइड ऑर लो टाइड' आणि 'ऑल डे ऑल नाइट' ही दोन मवाळ गाणी गाळली. 'स्टर इट अप' दुसऱ्या बाजूला गेलं. आणि 'काँक्रीट जंगल'च्या पाठोपाठ 'स्लेव्ह ड्रायव्हर' आणि 'फोर हंड्रेड इयर्स' आली. म्हणजे पहिल्या बाजूची पहिली तीन गाणी शहरातली कोंडी, गुलामगिरी आणि चारशे वर्षांचा हिशेब अशी ओळीने उभी राहिली. अल्बमचं नावही 'स्लेव्ह ड्रायव्हर'मधूनच घेतलेलं आहे.

तेव्हा लंडनमध्ये आवाज मऊ झाला आणि आशय धारदार झाला. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच हिवाळ्यात घडल्या. पातळ केलं म्हणणाऱ्याला अर्धंच दिसतं, आणि ब्लॅकवेलने रेगेला जगात नेलं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यालाही अर्धंच दिसतं. शिवाय मार्ली तिथे हजर होता. त्याच्या नकळत काही झालं नाही. फक्त ४,००० पौंड देणारा आणि घेणारा यांची संमती एका वजनाची असते का, हे आपण विचारायला हवं.

हाच प्रश्न दोन वर्षांनी अधिक उघडपणे पुढे आला. १९७५ मध्ये बर्निंग स्पिअर, म्हणजे विन्स्टन रॉडनी, यांचा 'मार्कस गार्वी' हा अल्बम जॅक रुबी यांनी जमैकात तयार केला. आयलंडने तो इंग्लंडमध्ये काढताना त्याचं मिश्रण बदललं. रॉडनींना ते रुचलं नाही आणि त्यांनी स्वतःचा लेबल काढण्याचा मार्ग धरला. कंपनी तीच, पद्धत तीच, पण इथे गायकाने नको म्हटलं. टूट्स अँड द मेटल्सच्या 'फंकी किंग्स्टन'ची तऱ्हा तर आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये १९७३ ला आणि अमेरिकेत १९७५ ला त्याच नावाने अल्बम निघाले, आणि दोन्हींत समान गाणी फक्त तीन. अमेरिकेत 'फंकी किंग्स्टन' ऐकला असं कोणी म्हणालं तर 'कुठला?' असं विचारावं लागतं.

आता वेष्टनाकडे येऊ. 'कॅच अ फायर'च्या पहिल्या छपाईचं वेष्टन झिपो लायटरच्या आकाराचं होतं. वरचं झाकण बिजागरीवर उघडे आणि आत ज्योत दिसे. गाणाऱ्याचा चेहरा समोर नव्हता. प्रत्येक वेष्टनाला हाताने रिव्हेट मारावा लागे, म्हणून ते महाग पडलं आणि सुमारे २०,००० प्रतींनंतर थांबलं. पुढच्या छपायांवर एस्थर अँडरसन यांनी काढलेलं छायाचित्र आलं: मार्ली, एकटा, गांजाचा भलामोठा झुरका घेताना. आणि नाव झालं 'बॉब मार्ली अँड द वेलर्स'. जाता जाता एक गोष्ट. जमैकात या वस्तूला गांजाच म्हणतात, कारण तो शब्द १८४५ पासून तिथे नेलेल्या हिंदुस्थानी वेठमजुरांनी पोचवला. त्या छायाचित्रात आपल्याकडचा एवढा एक शब्द आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला 'बर्निन'सुद्धा आधी नुसत्या वेलर्सच्या नावाने निघाला. त्यानंतर टॉश आणि बनी गटातून बाहेर पडले आणि १९७४ चा 'नॅटी ड्रेड' मार्लीच्या नावाने आला. इथवर ठीक. पण पुनर्मुद्रणांनी हे नवं नाव मागच्या रेकॉर्डवरही चिकटवलं. 'फोर हंड्रेड इयर्स' लिहिलं टॉशने, गायलं टॉशने, आणि आज ते ज्या अल्बमवर आहे त्याच्या मुखपृष्ठावर एकट्या मार्लीचा चेहरा आहे. यात कोणी कट केला असं म्हणायची गरज नाही. बाजाराला एक चेहरा सोपा जातो. पण परिणाम असा की तिघांच्या गटाचा इतिहास एका माणसाच्या चरित्रात विरघळला.

आयलंडमुळे वेलर्सचं नाव झालं तसं जुनं भांडवलही बाहेर आलं. पेरीने काढलेली गाणी इंग्लंडमध्ये ट्रोजन कंपनीकडे होती. तिने ती 'आफ्रिकन हर्ब्समन' (१९७३) आणि 'रास्ता रिव्होल्यूशन' (१९७४) अशा नव्या नावांनी बाजारात आणली. १९७०-७१ ची गाणी ऐकणाऱ्याला ताजी वाटली. त्यांचे पैसे आपल्यापर्यंत पोचले नाहीत, ही वेलर्सची तक्रार कायम राहिली, आणि पेरीशी त्यांचे संबंध बिघडले. आजही मार्लीच्या नावाने जे शेकडो स्वस्त संग्रह निघतात त्यांचा मोठा भाग याच काळातला आहे.

मार्ली ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी गेला. १९८४ मध्ये 'लेजंड' हा संग्रह आला आणि जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्यात चौदा गाणी आहेत. 'कॅच अ फायर'मधलं एकच: 'स्टर इट अप', तेही अर्थात लंडनच्या पाठात. 'स्लेव्ह ड्रायव्हर' नाही, 'काँक्रीट जंगल' नाही. ब्लॅकवेलने १९७३ मध्ये जी गाणी पुढे आणली होती ती अकरा वर्षांनी त्याच कंपनीच्या संग्रहात मागे पडली. आपल्यापैकी बहुतेकांनी मार्ली ऐकला तो इथून.

२००६ मध्ये ॲस्टन बॅरेट लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. आपण आणि आपला भाऊ या संगीताचे भागीदार आहोत, काही गाणीही आपण लिहिली आहेत, आणि रॉयल्टीचा वाटा मिळायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. रक्कम सुमारे ६ कोटी पौंड सांगितली जात होती. कार्लटन १९८७ मध्येच मारले गेले होते. १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीत बॅरेट यांनी पुढचे हक्क सोडून दिले आहेत, असं म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. न्यायालयाने कराराचा कागद वाचला आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. आपण मात्र किंग्स्टनची टेप ऐकतो तेव्हा दुसरा एक पुरावा समोर असतो. वरचे थर काढले की खाली जे उरतं ते प्रामुख्याने दोन भावांचं काम आणि तीन गळे.

म्हणून २००१ ची दोन तबकड्यांची आवृत्ती महत्त्वाची. पहिल्या तबकडीवर जमैकन पाठ, दुसरीवर १९७३ चा. कंपनीने ती विकण्यासाठीच काढली, यात शंका नाही. पण अभ्यासकाच्या हातात पहिल्यांदा दोन पाठ शेजारी आले. २०२३ च्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत तिसरा साक्षीदार मिळाला: मे १९७३ मध्ये लंडनच्या पॅरिस थिएटरमधला कार्यक्रम. तिथे पर्किन्स नाही, बंड्रिक नाही. नव्या अल्बमची गाणी गट स्वतः, गिऱ्हाइकासमोर, कशी वाजवत होता ते त्यात ऐकू येतं.

आवृत्ती हातात आली की आपण चार गोष्टी पाहाव्यात. नाव कोणाचं आणि कधीपासून. गाण्यांचा क्रम काय आणि गाळलं काय. वाजवणाऱ्यांची यादी आहे का. आणि मिश्रण कोणत्या शहरात, कोणत्या गिऱ्हाइकासाठी झालं. चारही उत्तरं मिळाली नाहीत तरी विचारल्याने ऐकणं बदलतं.

शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: मग खरा 'कॅच अ फायर' कोणता?

उत्तर: १९७३ मध्ये लोकांनी ऐकला, ज्याने परिणाम घडवला, तो लंडनचा. इतिहासातून तो वजा करता येणार नाही. किंग्स्टनचा पाठ 'मूळ' म्हणून त्याच्या जागी बसवायचं कारण नाही. तो पाठ आपल्याला लंडनमध्ये काय केलं गेलं हे दाखवतो. दोन्ही मिळून एक दस्तऐवज होतो, असं आम्ही म्हणू.

प्रश्न: मी रेगे कधी ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: २००१ ची आवृत्ती घ्या आणि आधी पहिली तबकडी लावा. 'फोर हंड्रेड इयर्स' दोनदा ऐका. पहिल्यांदा टॉशच्या आवाजाकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त बेसकडे. मग वेष्टन हातात घेऊन त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा. पुढच्या वेळी आपण डबकडे वळणार आहोत, तिथे हा बेस पुन्हा भेटेल.